चुंबकावर ठेवलेला ग्रंथ

परळीच्या विद्युतकेंद्राच्या राखेने ज्याच्या शिखराचा कळस अनेकदा झाकला, पण ज्याच्या गाभाऱ्यातील समई कधी मंद झाली नाही, त्या प्रभू वैद्यनाथाला वंदन करून लिहावयास बसलो आहे. आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांचे उद्या वर्षश्राद्ध आहे. विधी घाटनांदूरला, त्यांच्या थोरल्या भगिनींच्या घरी. त्या अक्कांचा निरोप आला, "मंतर म्हणायला दुसरे भटजी हायेत. तुमी त्याच्याबद्दल खरंखुरं लिहून आणा, शास्त्रीबुवा." वयाची ऐंशी ओलांडल्यावर हात लवकर थकतो, आणि खरे लिहिताना तर अधिकच. तरीही आज्ञा मानतो.

मी त्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे. माझा वर्ग दुसऱ्या मजल्याच्या टोकाला आणि त्यांची प्रयोगशाळा त्याच्या खाली. या शेजारामुळेच आमचा स्नेह जमला. दिसावयास ते अगदी साधे होते: चकलांब्याच्या शेतकऱ्याचे उन्हाने रापलेले तोंड, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि खिशात पेनाच्या जागी एक होकायंत्र. गावाला मात्र ते ठाऊक होते ते त्यांच्या दोरीमुळे. महाविद्यालयात येताना एका दोरीला चुंबक बांधून तो रस्त्यावरून ओढीत ते चालत, जणू वासरू चालवीत आहेत. विद्युतकेंद्राच्या राखेत लोखंडाचा बारीक अंश असतो. तो चुंबकाला चिकटे. प्रयोगशाळेच्या दारात बसून ते ती काळी पूड झटकून बाटलीत भरीत. चुंबकाभोवतीच्या रेषा विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी लोहकीस विकत आणावा, असे प्राचार्यांनी सुचवले तेव्हा ते म्हणाले, "फुकट पडतंय अंगणात. विकत कावून आणू?"

विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'भोवरा मास्तर' म्हणत. याला कारण होते. इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणाला विद्युतभाराखेरीज आणखी एक उपजत गुण असतो. इंग्रजीत त्याला 'स्पिन' म्हणतात, आपल्याकडे फिरकी. हा गुण शिकविताना एका वर्षी त्यांनी वर्गात भोवरा फिरवला आणि त्यानंतर आयुष्यभर पस्तावले. कोणी म्हणाले, "सर, इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गरगर फिरतो," की ते टेबलावर मूठ आपटीत. "फिरत न्हाई! नाव फिरकी हाय, म्हणून फिरतो असं न्हाई. तुझं नाव प्रकाश हाय, पण तुझ्या डोस्क्यात पडतोय का?" मुले हसत, आणि त्या हसण्यात कधी नव्हे तो एखादा विचार त्यांच्या मनात शिरे.

देवळात ते क्वचित जात. एकदा महाशिवरात्रीला माझ्यासोबत आले. महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण करावयाची नसते. सोमसूत्रापर्यंत, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून जाते त्या पन्हळीपर्यंत, जाऊन माघारी फिरावे, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा सोमसूत्रापर्यंत, आणि परत. ते जागच्या जागी थांबले. "शास्त्रीबुवा, एका गोल फेरीत हे पुरं होत न्हाई. इलेक्ट्रॉनबी तसाच. त्याला एकदा पुरा फिरवला तर तो पैल्यासारखा होत न्हाई. दोनदा फिरवावा लागतो." मी म्हणालो की ऋषींना इलेक्ट्रॉन ठाऊक होता, असे आपण कृपा करून कोणाला सांगू नका. त्यावर ते गंभीरपणे उत्तरले, "उपमा हाय. पुरावा न्हाई." पुढे हे वाक्य मी माझ्या वर्गात अनेकदा वापरले, त्यांचे नाव न घेता.

ती उदारीकरणाची वर्षे होती. बसस्थानकाच्या समोर संगणकवर्गांच्या पाट्या लागल्या होत्या, एसटीडी दूरध्वनीच्या काचपेट्या उभ्या राहिल्या होत्या, आणि पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला बसणारी मुले वर्षागणिक कमी होत होती. नवे विज्ञान इंग्रजीत होते. खेड्यातील मुले ते पुस्तक उघडीत, मिटीत, आणि संगणकवर्गाच्या पाटीखाली जाऊन उभी राहत. त्याच सुमारास त्यांनी एक ग्रंथ लिहावयास घेतला: फिरकीवर चालणाऱ्या नव्या विजाणुशास्त्राची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची, ओळख, सोप्या मराठीत, केवळ तीन प्रकरणे. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. पाठ्यपुस्तकांच्या समितीने त्यांना कळविले होते की हस्तलिखित दिवाळीपूर्वी पोहोचले तर ते छापू आणि तिसऱ्या वर्षाला लावू. त्यानंतर नाही. निवृत्त माणसाचे पुस्तक कोण लावतो? या एका पुस्तकापुरते त्यांचे उरलेले आयुष्य होते. मला ते ठाऊक होते, म्हणून पुढे जे घडले त्याचे ओझे आजही हलके होत नाही.

त्यांची लिहिण्याची रीत विलक्षण होती. ते कागदावर लिहीत नसत. चार दगडी पाट्या कापडी पिशवीत घालून दर रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर येत, तेथे पेन्सिलीने लिहीत आणि मला वाचून दाखवीत. माझ्या मुखातून 'कळले' असा शब्द आला तरच ती पाटी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाई, जेथे ते दोन बोटांनी मजकूर संगणकात उतरवीत. 'कळले नाही' म्हणालो तर तिथेच ओल्या फडक्याने पुसत. मी एकदा विचारले, कागद का नको? "कागदावरलं पुसायला जीव होत न्हाई. मग माणूस चुकीचंबी ठिवून घेतो." संगणकावरचा मजकूर परीक्षांच्या कामासाठी कारकून वेळोवेळी काढून टाकी, म्हणून तो फ्लॉपी नावाच्या चौकोनी तबकड्यांवर उतरविलेला असे. पोथीच्या तीन प्रती असाव्यात, असे मीच सुचविले होते. त्यांनी तीन फ्लॉप्या केल्या. पाट्या पुसल्या गेल्या होत्या.

आणि परीक्षक म्हणून मी. "तुम्हांला विज्ञानाचा गंध न्हाई अन् खोटं बोलायची सवय न्हाई. असा श्रोता मला दुसरा गावणार न्हाई," असे ते म्हणत. पहिली दोन प्रकरणे मला खरोखर कळली. त्यांनी ती मोंढ्यावरून, म्हणजे आमच्या धान्यबाजारावरून, शिकविली.

"मोंढ्यात हमाल किती हायेत, किती पोती वाहत्यात, एवढंच आजवरचं विजाणुशास्त्र मोजतं," ते सांगत. "पण हमालाच्या कोणत्या खांद्यावर पोतं हाय, ते कुणी पाह्यलं? उजव्या का डाव्या? तिसरा खांदा न्हाई. ती फिरकी."

"त्याचा उपयोग काय?" मी विचारले.

"दोन अरुंद दारं हायेत असं समजा. लोहचुंबकाच्या दोन पातळ थरांची. पैलं दार उजव्या खांद्यावाल्यांना लवकर सोडतं. दुसरंबी उजवंच आसंल तर माणसं सरळ जात्यात. दुसरं डावं आसंल तर?"

"कोंडी होईल."

"झालं! कोंडी म्हंजी विजेला विरोध वाढला. अन् दुसऱ्या दाराची दिशा कशानं बदलते? बाहेरच्या चुंबकानं. संगणकाच्या तबकडीवर इवले इवले चुंबक लिहिलेले असत्यात; प्रत्येकाचं तोंड इकडं न्हाई तर तिकडं. वर हे दार धरलं की कोंडी झाली का न्हाई, यावरून खालचं अक्षर वाचता येतं. शास्त्रीबुवा, दिशा म्हंजीच अक्षर!"

मला आनंद झाला, आणि मी तो लपविला नाही. दोन थरांमधील बोळ फार लांब असेल तर हमाल थकून खांदा बदलतात, म्हणून तो बोळ काही अणूंइतकाच असावा लागतो, हेही मला पटले. थकून खांदा बदलण्याची गोष्ट मला विशेष समजली.

कारण त्या वर्षी माझ्या पत्नीचा दमा वाढला होता. रविवारी ओट्यावर मी बसलेला असे, पण कान आतल्या खोलीकडे असत. तिसरे प्रकरण लोखंडातून सिलिकॉनमध्ये जाण्याविषयी होते. धातूच्या चुंबकातून ही फिरकी संगणकाच्या सिलिकॉनमध्ये जशीच्या तशी कशी न्यावी, त्या उंबरठ्यावर ती का हरवते, आणि ती जर नेता आली तर केवळ वाचणाराच नव्हे, आठवण ठेवून विचार करणारा घटक कसा बनेल, असे काहीसे. ते पाटी वाचीत. आतून खोकला येई. मी मान हलवी. "कळलं का? शपथेवर सांगा," ते विचारीत. मी म्हणे, "कळले." आतून ती क्षीण आवाजात म्हणे, "अहो, त्यांना चहा तरी विचारा." ते संकोचून पाट्या गोळा करून जात. असे आठ-नऊ रविवार गेले. प्रकरण पूर्ण झाले. ज्याच्या सत्यवचनावर दुसऱ्याचा ग्रंथ उभा आहे, त्याने थकव्याच्या भरात उच्चारलेला तो शब्द किती जड असतो, याची जाणीव मला तेव्हा नव्हती.

नवरात्र आले. खंडेनवमीला महाविद्यालयातील यंत्रांची आणि ग्रंथांची पूजा माझ्या हातून होत असे. ते गावी, चकलांब्याला, घरची औजारे पुजावयास गेले होते. जाताना फ्लॉप्यांची डबी माझ्या हाती देऊन म्हणाले, "ग्रंथच हाय हा. पूजेला ठिवा. दसरा झाला की समितीला पाठवू."

शिपायाने प्रयोगशाळेतील उपकरणे आणून तांबड्या वस्त्रावर मांडली. त्यात त्यांचा तो मोठा नालाकृती चुंबक होता, वीतभर उंच. त्याच्या दोन टोकांवर आडवी बसविलेली लोखंडी पट्टी गंजलेली दिसली, म्हणून मी ती काढून बाजूला ठेवली. दोन हात वर करून उभा असलेला तो चुंबक मला पोथी ठेवावयाच्या व्यासपीठासारखा दिसला. ग्रंथ भूमीवर ठेवू नये, हा आमचा संस्कार. मी डबीतून तीनही फ्लॉप्या काढल्या आणि एकावर एक अशा त्या दोन टोकांवर ठेवल्या. त्या तत्क्षणी घट्ट बसल्या, जणू कोणी ओढून घेतल्या. त्यांच्यावरील पत्र्याची झाकणे चुंबकाने धरली होती. मला मात्र तो शुभशकुन वाटला, ग्रंथाने आसन स्वीकारले असे. हळद, कुंकू, झेंडूचे फूल वाहिले. पूजेला बसविलेला ग्रंथ दशमीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवीत नाहीत. मीही हलविला नाही.

दसऱ्यानंतर कार्यालय उघडले तेव्हा आम्ही दोघे कारकुनाच्या टेबलाशी उभे होतो. त्याने पहिली फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्र बराच वेळ खरखरले.

"सर, हे कोरं दिसतंय," कारकून म्हणाला. "नव्यानं तयार करू का, असं इचारतंय मशीन."

"दुसरी घाला."

"हीबी तशीच."

तिसरी घालण्यापूर्वी त्यांनी ती हातात घेतली. पत्र्याच्या झाकणावर कुंकवाचा डाग होता आणि त्यावर राखेतल्या लोखंडाचे दोन बारीक काळे कण उभे राहिले होते. ते कण त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. मग शांतपणे मला विचारले, "शास्त्रीबुवा, कुठं ठिवल्या होत्या?"

मी सांगितले.

कारकून खुर्चीत मागे रेलून हसू लागला. "चुंबकावर? आरारा! लई जोरात पूजा झाली की, बुवा! देवानं सगळा नैवेद्य खाल्ला!"

"तू गप बस बे," ते त्याला म्हणाले. मग माझा हात धरून त्यांनी मला बाकावर बसविले. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "दिशा म्हंजी अक्षर. तुमी म्हणाला होता, कळलं."

त्या एका वाक्याने मला जे समजले ते आठ महिन्यांत समजले नव्हते. फ्लॉपीवरील अक्षरेही तशीच इवल्या चुंबकांची; त्या मोठ्या चुंबकाने ती पुसली होती. ते शब्द माझ्या मुखाला पाठ होते, हाताला नव्हते. कळले असते तर तो हात फ्लॉपी घेऊन चुंबकाकडे गेलाच नसता.

दिवाळीला अठरा दिवस उरले होते. त्या दुपारी ते माझ्या ओट्यावर आले, या वेळी पाट्यांऐवजी कोरी वही घेऊन. "तुमी पाठशाळेत वाढलेली माणसं. दोनदा ऐकलं की ठिवता. म्हणा. मी लिहितो."

मी स्नान करून बसलो आणि म्हणू लागलो. पहिले प्रकरण जवळजवळ शब्दशः आले. दुसरे आले, मोंढा, दोन दारे, कोंडी, बोळ. दोन दिवसांत अर्धी वही भरली. त्यांचा चेहरा उजळला होता. "पुस्तक वाचलं, शास्त्रीबुवा! आता तिसरं."

मी पहिले वाक्य म्हटले. मग थांबलो.

"पुढं?"

आतून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सर," मी म्हणालो, "तिसरे प्रकरण मी ऐकलेलेच नाही. मान हलवीत होतो. माझे लक्ष आत होते. मी आपल्याशी शपथेवर खोटे बोललो."

त्यांनी पेन वहीवर ठेवले. रस्त्यावरून राखेने भरलेले मालमोटारीचे एक धूड गेले, ओट्यावर बारीक धूळ उतरली. मी त्यांच्या पाया पडावयास वाकलो तेव्हा त्यांनी माझे खांदे धरले.

"नका. आता माझं ऐका," ते म्हणाले. त्यांचा स्वर अतिशय दमलेला होता. "तिसरं मलाबी कळलं न्हवतं."

"मग आपण लिहिले कसे?"

"विद्यापीठात गेलतो, तिथं इंग्रजी लेख चाळले, टिपणं काढली, वाक्यं जुळवली. वाटायचं, कुठंतरी गोम हाय. मग तुमच्यापुढं वाचायचो. तुमी म्हणायचा, कळलं. मनात म्हणायचो, शास्त्रीबुवांना कळलं म्हंजी मला कळलंच आसंल." ते किंचित हसले. "जगालाबी ते अजून नीट कळलेलं दिसत न्हाई. पण त्यांनी तसं लिहिलंय तरी. आपण दोघांनी एकमेकांना फसवलं अन् पोरांच्या हातात देणार होतो."

"टिपणे आहेत ना?" मी विचारले. "अजून सोळा दिवस आहेत. पुन्हा जुळवू."

"जुळवू. जुळतंय तर लई सोपं." त्यांनी वही मिटली. "अन् चुंबकानं जे पुसलं, ते परत लिहायचं? न्हाई, शास्त्रीबुवा. इतकं खोटं मला होणार न्हाई."

मी पुष्कळ समजावले. दोन प्रकरणांचे पुस्तक समिती घेणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. ते स्वतः एसटीने शहरात गेले, वही समोर ठेवली आणि तिसरे प्रकरण का नाही ते सांगितले. परत आल्यावर मी विचारले तर म्हणाले, "सभ्य माणसं हायेत. चहा पाजला. म्हणाले, अपुरं घेता येत न्हाई." एवढेच. पुढे समितीने इंग्रजीतील एका पुस्तकाचा अनुवाद लावला. मुले ते उघडीत आणि मिटीत.

निवृत्तीच्या आधी त्यांनी ती दोन प्रकरणे महाविद्यालयाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली. चाळीस प्रती, टाचण्या लावलेल्या. प्रती काढण्यापूर्वी शेवटच्या पानाचा स्टेन्सिल-कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "माझं अक्षर वाईट. हे तुमी लिहा." आणि सांगितले ते मी लिहिले: "येथून पुढचे लेखकास व श्रोत्यास कळलेले नाही, म्हणून लिहिलेले नाही." मी विचारले, श्रोत्याचा उल्लेख हवाच का? ते म्हणाले, "हवा. एकट्याचा दोष न्हाई तो." त्यानंतर पानाचा उरलेला भाग त्यांनी मुद्दाम कोरा सोडला.

निवृत्तीनंतर ते घाटनांदूरला अक्कांकडे राहिले. पत्नी गेली तेव्हा मला भेटावयास आले, दिवसभर बसले, विज्ञानाचा एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोघेही थकलो होतो. गतवर्षी ते गेल्यावर अक्कांनी त्यांची प्रत माझ्या हाती दिली. पाने जुनी होऊन तपकिरी पडली होती, समासांत पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या. दुसऱ्या प्रकरणातील एक उपमा त्यांनी खोडून बदललीही होती. मी घाईने शेवटचे पान उघडले. वाटले, इतक्या वर्षांत त्यांना काही उमगले असेल आणि त्यांनी ते तेथे टिपले असेल. माझ्या अक्षरातील ती ओळ होती. तिच्याखाली त्यांनी अखेरपर्यंत काहीही लिहिलेले नव्हते.

वाचकहो, आपल्या घरातील दुखण्याला उतार पडो आणि जागणाऱ्यांना निद्रा लाभो. आपल्या ओट्यावर येणाऱ्याला चहा आणि खरे उत्तर, दोन्ही मिळोत. आपल्या मुलाबाळांना 'कळले नाही' असे निर्भयपणे म्हणता येईल असे गुरुजन लाभोत, आणि ते ऐकून घेण्याइतकी उसंत त्या गुरुजनांना लाभो. प्रभू वैद्यनाथ आपल्या कुटुंबावर कृपेची छाया धरो.